मालवणचा डॉल्फिन कोणाचा?

मे महिन्याच्या सुटीत सकाळी सातच्या सुमारास देवबागच्या टोकाला गेल्यास तेथे जत्रेसारखी गर्दी दिसते. कर्ली नदी येथेच समुद्राला मिळते. कोल्हापूरचे शिक्षक, पुण्याच्या कचेऱ्यांतील कारकून, डोंबिवली-ठाण्याची कुटुंबे, महाविद्यालयातील मुलामुलींचे घोळके अंगात नारिंगी जॅकेटे चढवून होडीत बसण्याची वाट पाहत उभे असतात. होड्या एकामागून एक भोगवे-निवतीच्या दिशेने निघतात. काही वेळाने कोणीतरी "तो बघा!" म्हणून ओरडते. पाण्यावर एक राखाडी पाठ वर येते, त्या पाठीवरचा उंचवटा आणि लहानसा पर क्षणभर दिसतो आणि पाणी पुन्हा मिटते. तेवढ्यात आसपासच्या साऱ्या होड्या त्या जागेकडे वळलेल्या असतात. पाठ पुन्हा दिसते ती बरीच दूर. होड्या पुन्हा तिकडे धावतात. हा खेळ अर्धा-पाऊण तास चालतो. मग होड्या परततात. मुलांना डॉल्फिन पाहिल्याचा आनंद होतो, होडीवाल्याला त्याचे भाडे मिळते, किनाऱ्यावरच्या खाणावळीत सुरमईची थाळी खपते. साऱ्यांचेच भले झाले, असे वरवर पाहता वाटते.

अर्थशास्त्रात प्रत्येक व्यवहाराबद्दल विचारला जाणारा एक साधा प्रश्न येथेही विचारणे आवश्यक आहे: या व्यवहाराची किंमत कोणी भरली? प्रवाशाने भाडे भरले, होडीवाल्याने इंधन जाळले. परंतु ज्याच्या दर्शनासाठी हा सारा खटाटोप झाला, त्या प्राण्याच्या खात्यावर काय मांडले गेले, याची नोंद कोठेच होत नाही. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर गेल्या दोन-तीन दशकांत उभ्या राहिलेल्या या नव्या धंद्याचे भवितव्य मात्र नेमके याच नोंदीवर अवलंबून आहे.

किनाऱ्यालगतचा शेजारी

मालवणच्या पाण्यात दिसणारा हा डॉल्फिन म्हणजे खोल समुद्रातून अधूनमधून येणारा पाहुणा नव्हे. तो येथलाच रहिवासी आहे. मच्छीमार त्याला 'गादा' म्हणतात. शास्त्रज्ञ त्याला हिंदी महासागरातील हंपबॅक, म्हणजे पाठीवर कुबड असलेला, डॉल्फिन म्हणून ओळखतात. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंत तो आढळतो. पण या एवढ्या लांब पट्ट्यात त्याला मानवते ते उथळ पाणीच. साधारण पंचवीस मीटरपेक्षा कमी खोलीचे, किनाऱ्याला लागून असलेले, नद्यांच्या मुखाशी गढूळलेले पाणी हे त्याचे घर. अशा मुखांशी मासळी विपुल असते, हे त्याला मच्छीमाराइतकेच ठाऊक असते. डॉल्फिनची मादी एका वेळी एकाच पिल्लाला जन्म देते. पिल्लू पोटात सुमारे वर्षभर वाढते, नंतर दीर्घकाळ आईच्या दुधावर राहते आणि पुढचे पिल्लू होईपर्यंत कित्येक वर्षे जातात. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने ही जात संकटग्रस्त ठरविली आहे. बांगड्यासारखी मासळी एका वाईट मोसमानंतर पुन्हा उसळी मारू शकते. गाद्याची संख्या एकदा घटली, तर ती भरून यायला माणसाची एक पिढी लागेल.

याच पाण्यात पाठीवर पर नसलेला, लाजाळू आणि क्वचितच दृष्टीस पडणारा फिनलेस पॉरपॉइज हाही एक प्राणी राहतो. प्रवाशांना तो बहुधा दिसत नाही आणि दिसला तरी ओळखू येत नाही. देवमाशांची गोष्ट आणखी वेगळी. ते खोल समुद्रातले. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक हे पाण्याखालचे प्रवाळांचे पठार आहे. तेथवर सहलीची होडी जात नाही. तथापि २०१५ साली कोकण सिटेशियन रिसर्च टीम या संशोधकांच्या गटाला देवगड तालुक्यातील कुणकेश्वरच्या समुद्रात निळ्या देवमाशाचे दर्शन झाले, तेव्हा शंभर वर्षांनंतर तो या किनाऱ्यावर पुन्हा दिसला, असे वृत्तपत्रांनी आनंदाने छापले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात रेवदंड्याच्या वाळूत एक निळा देवमासा येऊन पडला आणि तेथेच मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू रुतले. गावकरी, वनखाते आणि इतर अनेकांनी दोन दिवस झटून त्याला खोल पाण्यात नेऊन सोडले, तरी ते वाचले नाही. कोकणातील सामान्य माणसाची देवमाशाशी गाठ पडते ती बहुतेक वेळा अशी, त्याच्या मरणाच्या प्रसंगी.

मेलेला देवमासा आणि जिवंत देवमासा

समुद्रातील या प्राण्यांची किंमत माणसाने आजवर दोन प्रकारे केली. पहिला हिशेब तेल, चरबी आणि मांस यांचा. या हिशेबात प्राणी एकदाच विकला जातो. अरबी समुद्रही त्यातून सुटला नाही. १९६६ साली सोव्हिएत संघाच्या शिकारी जहाजांनी या समुद्रात, आंतरराष्ट्रीय नियम धाब्यावर बसवून, दोनशेहून अधिक हंपबॅक देवमासे मारले. ही गोष्ट जगाला कळली ती सोव्हिएत संघच लयाला गेल्यावर, नव्वदच्या दशकात. अरबी समुद्रातील हंपबॅकांची संख्या आजही अत्यल्प आहे. एका मोसमाच्या शिकारीची किंमत अर्धे शतक उलटून गेल्यावरही फिटलेली नाही. पुढे १९७९ साली हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयक्षेत्र म्हणून जाहीर झाला. १९८२ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकारीच्या स्थगितीचा निर्णय घेतला आणि १९८६ पासून ती अमलात आली.

दुसरा हिशेब दर्शनाचा. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे १९५५ साली एका मच्छीमाराने माणशी एक डॉलर घेऊन लोकांना देवमासे दाखविण्यास आरंभ केला, तेव्हा त्या एका डॉलरातून केवढा धंदा उभा राहणार आहे याची त्याला कल्पना नसावी. २००८ सालच्या एका जागतिक पाहणीनुसार ११९ देश-प्रदेशांत मिळून एक कोटी तीस लाख लोक देवमासे व डॉल्फिन पाहण्यास गेले आणि त्यापायी दोनशे दहा कोटी डॉलर खर्च झाले. जिवंत प्राणी दररोज, वर्षानुवर्षे विकता येतो, हे या आकड्यांचे तात्पर्य. शिकारीपेक्षा दर्शनाचा धंदा निश्चितच सुसंस्कृत आणि अधिक किफायतशीर आहे.

परंतु येथेच एक गफलत होण्याचा संभव असतो. दर्शनाच्या धंद्यात भांडवल खर्च होत नाही, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो चुकीचा आहे. न्यूझीलंडमधील बे ऑफ आयलंड्स या उपसागरात डॉल्फिनसोबत पोहण्याच्या सहली फार लोकप्रिय होत्या. तेथील डॉल्फिनांची संख्या १९९९ नंतरच्या दोन दशकांत सुमारे दोन-तृतीयांशांनी घटल्याचे आढळून आले आणि २०१९ साली सरकारला अशा पोहण्यावर बंदी घालावी लागली. कोणी एकाही डॉल्फिनला भाला मारला नव्हता. सतत मागे लागलेल्या होड्यांमुळे प्राण्यांना खाणे, विसावा घेणे आणि पिल्लांना पाजणे यांसाठी मिळणारा वेळ कमी झाला, एवढेच घडले. त्या प्राण्यांवर प्रेम करणाऱ्या लोकांच्या गर्दीनेच ते झाले. आपल्याकडे ओडिशातील चिलिका सरोवरात इरावडी डॉल्फिन पाहण्यासाठी धावणाऱ्या होड्यांबाबत हीच चिंता अनेक वर्षे व्यक्त होत आली आहे.

एक होडी आणि दहा होड्या

एका होडीने एका सकाळी डॉल्फिनच्या थोडे जवळ जाण्याने काही आकाश कोसळत नाही. होडीवाल्याचे म्हणणेही हेच असते आणि ते खोटे नाही. त्याने इंजिन मंद करून शंभर मीटरवर थांबायचे ठरविले, तर शेजारची होडी पुढे जाते, तिच्यातील प्रवाशांना चांगले छायाचित्र मिळते आणि याच्या होडीतील प्रवासी कुरकुर करतात. संयमाचा तोटा त्याला आजच भोगावा लागतो. संयमाचा फायदा मात्र सर्वांचा आणि पुढे कधीतरी मिळणारा. अशा स्थितीत शहाणा माणूससुद्धा इंजिनाचा वेगच वाढवील. गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने १९६८ साली सामायिक कुरणाचे जे उदाहरण मांडले, ते हेच. कुरण सर्वांचे, गुरे मात्र ज्याची त्याची. म्हणून प्रत्येक जण आणखी एक गुरू सोडतो आणि शेवटी गवत कोणालाच उरत नाही. मालवणच्या समुद्रात गवताच्या जागी गादा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. साऱ्या दोषाचे खापर होडीवाल्याच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. हा माणूस हौसेने पर्यटनाच्या धंद्यात आलेला नाही. पूर्वी कोकणचे अर्थकारण मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चाले. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो ओघ आटला. १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झालेला सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला होऊन प्रवासी येण्याची वाट मोकळी झाली. दुसरीकडे पारंपरिक मच्छीमाराची मासळी आटत चालली होती. ट्रॉलर आणि पुढे पर्ससीन जाळी यांच्याशी त्याचा संघर्ष कित्येक वर्षांचा. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर मोसमाच्या व क्षेत्राच्या मर्यादा घातल्या आणि केंद्राने २०१७ साली प्रखर दिव्यांच्या झोतातील मासेमारीस बंदी केली. परंतु कागदावरील बंदी आणि समुद्रातील बंदी यांत अंतर असते, हे किनाऱ्यावरील प्रत्येक माणूस जाणतो. ज्या हातांत जाळे होते त्यांनी होडीत बाके टाकली आणि प्रवासी घेतले, ते या परिस्थितीत. त्याचा मोसम दिवाळीपासून मे अखेरपर्यंतचा. त्यातही खरी कमाई नाताळ आणि मे या दोन सुट्यांची. अशा माणसाला निसर्गप्रेमाचे पाठ देणे सोपे. त्याची चूल पेटती ठेवून तो पाठ अमलात आणणे अवघड.

घाईचे दुष्परिणाम केवळ प्राण्यांनाच भोगावे लागतात असेही नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात प्रवाशांनी भरलेली एक बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. मोसमाचे शेवटचे दिवस, चढलेली गर्दी आणि बदलू लागलेले वारे ही मे अखेरीस नेहमीच एकत्र येणारी त्रयी आहे. ज्या शिस्तीत प्रवाशाचा जीव सुरक्षित राहतो, त्याच शिस्तीत डॉल्फिनचाही जीव सुरक्षित राहील. दोन्हींचा मार्ग एकच आहे.

कासवांनी घालून दिलेला धडा

याच किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या बाबतीत जे घडले, ते आशादायक आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्रीच्या वेळी वाळूवर येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी खड्डा करून त्यात सुमारे शंभर अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि मागे न पाहता समुद्रात परतते. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री खात, माणसेही उकरून नेत आणि बाजारात विकत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे गावकऱ्यांना हाताशी धरून घरट्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. ते काम पसरत सिंधुदुर्गात आले. आज वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणी, देवगड तालुक्यातील तांबळडेग यांसारख्या किनाऱ्यांवर कासवमित्र पहाटे वाळूवरील माग काढत फिरतात, अंडी कुंपणाच्या आत हलवितात, तारखा लिहून ठेवतात आणि पिल्ले समुद्रात सोडतात.

या योजनेचे यश कशात आहे, हे नीट पाहिले पाहिजे. ज्या गावात अंडी विकली जात त्याच गावात आता पिल्ले पाहण्यासाठी माणसे येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, तेथेच जेवतात. एका अंड्याचे पैसे एकदा एकाच्या खिशात जात; एका घरट्याचे पैसे आता अनेक चुलींपर्यंत पोहोचतात. शिवाय प्रवाशांना दोरीमागे उभे राहावे लागते, पिल्लांना हात लावता येत नाही, दिवे लावता येत नाहीत. हे नियम गावच सांगते आणि गावच पाळून घेते. पाहुणा शहरातला कितीही मोठा अधिकारी असो, त्याला दोरीमागे सारण्याचा अधिकार गावातील शाळकरी मुलालाही असतो.

कासवाचा हिशेब एका गावापुरता नाही, हेही अलीकडे कळून आले आहे. ओडिशातील गहिरमाथा येथे २०२१ साली खूण लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. उलट गुहागरला २०२३ साली उपग्रह-यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी, हा समज त्यामुळे डळमळला. वायंगणीच्या गावकऱ्याने राखलेले घरटे हे अशा रीतीने साऱ्या देशासाठी राखलेले असते. तसेच वाळूच्या तापमानावर पिल्ले नर होणार की मादी, हे ठरते. वाळू तापली की माद्या वाढतात. उन्हाळे अधिक कडक होत असता घरट्यांवर सावली धरण्याची वेळ येणे ही नव्या काळाची निशाणी म्हटली पाहिजे.

कासवाच्या बाबतीत जे साधले ते डॉल्फिनच्या बाबतीत का साधू नये? अडचण खरी आहे. घरटे एका जागी असते, ते मोजता येते, त्याभोवती कुंपण घालता येते. गादा आज निवतीजवळ, तर उद्या आचऱ्याकडे. समुद्रात दोरी बांधता येत नाही. म्हणूनच दोरीची जागा परस्परांतील कराराने घ्यावी लागेल.

फाटलेल्या जाळ्याची किंमत

हा करार मच्छीमाराला वगळून होणार नाही. प्रवाशाला गादा मोहक वाटतो. जाळे टाकून बसलेल्या माणसाला तो तसा वाटेलच असे नाही. तो जाळ्यात लागलेली मासळी ओढून खातो आणि जाळे फाडून जातो. जाळे म्हणजे मच्छीमाराचे भांडवल. ते विणण्यात-सांधण्यात घरातील साऱ्यांचे श्रम गुंतलेले असतात. दुसरीकडे कधी कासव, कधी डॉल्फिन, कधी देवमुशी स्वतःच जाळ्यात गुरफटते. डॉल्फिन, देवमासे आणि समुद्री कासवे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. वाघाला सोडताना मात्र कोणाला स्वतःचे जाळे कापावे लागत नाही.

या दृष्टीने राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केलेली योजना महत्त्वाची आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून दिल्यास आणि त्याचे छायाचित्र वा चित्रफीत सादर केल्यास मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची त्यात तरतूद आहे. रक्कम फार मोठी नसेल; पण तिच्यामागील तत्त्व मोठे आहे. सार्वजनिक हितासाठी एका गरीब माणसाने सोसलेला तोटा सर्वांनी वाटून घ्यावा, हे ते तत्त्व. उणीव एवढीच, की गादा जेव्हा मासळी खाऊन, जाळे फाडून निघून जातो, तेव्हा सोडून देण्यासारखे आणि छायाचित्र काढण्यासारखे हाती काहीच नसते. फाटलेले जाळे तेवढे उरते.

आणि येथेच पर्यटनाचा व मासेमारीचा हिशेब एकमेकांशी जोडण्याची संधी आहे. डॉल्फिन दाखवून जो पैसा मिळतो, त्यातील अगदी लहानसा भाग, प्रवाशामागे दहा-वीस रुपये म्हणू या, गावच्या सामायिक निधीत गेला आणि त्या निधीतून फाटलेल्या जाळ्यांना मदत मिळाली, तर गाद्यामुळे ज्याचे नुकसान होते त्यालाही गाद्याच्या जगण्यात काही हित दिसू लागेल. गाद्याचा नफा एकाला आणि तोटा दुसऱ्याला, ही आजची स्थिती फार काळ टिकणारी नाही.

रापणीचे शहाणपण

नियम करण्याची आपली नेहमीची पद्धत म्हणजे वरून हुकूम काढणे. तिचा अनुभव मालवणला आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यातील सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचे ३.१८२ चौरस किलोमीटर हा गाभा. महाराष्ट्रातील हे पहिले सागरी अभयारण्य. हेतू उत्तम होता. परंतु ज्यांच्या पिढ्या त्या पाण्यावर जगल्या त्यांना ते आपल्या पोटावर आलेले संकट वाटले आणि विरोध उभा राहिला. आपल्या वहिवाटीच्या पाण्यात आपणच परके ठरणार, ही भीती एकदा मनात बसली की पुढची सारी भाषणे व्यर्थ जातात. अभयारण्याच्या सीमा नकाशावर आल्या. लोकांच्या मनात त्या उतरल्या नाहीत.

वास्तविक या किनाऱ्याला सामायिक संपत्ती सांभाळण्याची रीत शिकविण्याची गरज नाही. रापण हे त्याचे ढळढळीत उदाहरण. किनाऱ्यावरून ओढायचे ते लांबच लांब जाळे एका माणसाचे नसतेच. अनेकांनी आपापले तुकडे जोडून ते केलेले असते, पन्नासाहून अधिक माणसे ते ओढतात आणि मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने पडतात. कोणी कोठे रापण लावायची, याचे संकेत वाडीवाडीत असत आणि ते मोडणाऱ्याला वाडीच जाब विचारी. हार्डिनच्या कुरणाचे भाकीत जेथे खोटे ठरते अशा जगभरातील उदाहरणांचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने केला आणि त्याबद्दल २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले; ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की सामायिक संपत्ती वापरणारे लोक जेथे नियम स्वतः करतात, त्यांवर स्वतः देखरेख ठेवतात आणि चुकणाऱ्याला आधी लहान व मग मोठा दंड करतात, तेथे ती संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. रापणकराला हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

न्यूझीलंडमधील कैकोरा या गावाची कथाही येथे सांगण्याजोगी आहे. ऐंशीच्या दशकात तेथील रेल्वेच्या नोकऱ्या गेल्या आणि माओरी लोकांवर बेकारी कोसळली. १९८७ साली चार माओरी कुटुंबांनी आपली घरे तारण ठेवून कर्ज काढले आणि देवमासे दाखविण्याची एक होडी घेतली. आज तो धंदा त्या समाजाच्याच मालकीचा आहे आणि गावाच्या जगण्याचा आधार आहे. याच देशाचा १९९२ पासूनचा नियम असा, की देवमासा वा डॉल्फिन यांच्यापासून तीनशे मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा अधिक होड्या असता कामा नयेत. नियम साधा आहे, डोळ्यांनी पडताळता येण्यासारखा आहे आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

मालवण, देवबाग, निवती, वेंगुर्ले येथील होडीवाल्यांच्या संघटनांनी असाच चार-पाच कलमांचा करार आपापसांत केला तर? डॉल्फिनभोवती एका वेळी तीनच होड्या, बाकीच्या पाळीने थांबतील. जवळ येताच इंजिन मंद; समोरून आडवे जायचे नाही, बाजूने समांतर चालायचे. पिल्लू बरोबर असेल तर मागे फिरायचे. एका कळपापाशी दहा-पंधरा मिनिटांहून अधिक थांबायचे नाही. 'हमखास दर्शना'ची हमी कोणी द्यायची नाही. कारण हमी दिली की पाठलाग आलाच. पाळी चुकविणाऱ्याला एक दिवस होडी किनाऱ्यावर ठेवण्याचा दंड. मेरीटाईम बोर्डाने परवाना देताना या करारावर सही घ्यावी आणि वनखात्याने होडीवाल्यांतूनच प्राण्यांच्या नोंदी ठेवणारी माणसे तयार करावीत. कोणत्या दिवशी, कोठे, किती गादे दिसले, एवढे वहीत लिहिले गेले तरी काही वर्षांत आज कोणापाशी नसलेली माहितीची शिदोरी गावापाशी जमेल.

कराराने सारे प्रश्न सुटतील, असे कोणी समजू नये. डॉल्फिनच्या जिवाला सहलीच्या होड्यांपेक्षा मोठे धोके आहेत. जाळ्यांत गुदमरून होणारे मृत्यू, घटती मासळी आणि नद्यांतून समुद्रात येणारी घाण यांच्यापुढे होडीचा पाठलाग लहान वाटेल. पण मोठे धोके दूर करण्याची शक्ती ज्यांच्या हाती आहे ते मुंबई-दिल्लीत बसतात. लहान धोका दूर करण्याची शक्ती देवबागच्या वाळूवरच आहे. शिवाय जो समाज आपल्या होड्यांना शिस्त लावतो, त्याचा ट्रॉलर आणि पर्ससीन यांच्याविरुद्धचा आवाज अधिक वजनदार ठरतो.

या करारात तिसरा पक्ष आहे तो प्रवाशाचा. हक्काच्या रजेत मुलाबाळांना घेऊन मालवणला जाणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला आपण या व्यवहारातील सर्वांत बलवान पक्ष आहोत, याची जाणीव नसते. होडीवाला पाठलाग करतो तो प्रवाशाला तसे हवे असते, या समजुतीने. "आणखी जवळ घ्या" असे म्हणण्याऐवजी "इंजिन बंद करा, थांबून पाहू" असे होडीतील एका शिक्षकाने म्हटले, तर ते सरकारी फलकापेक्षा अधिक परिणामकारक ठरेल. होडी थांबल्यावर गादा कधी कधी आपण होऊन जवळून जातो, श्वासाचा फुस्स असा आवाज ऐकू येतो. आणि त्या दिवशी तो दिसलाच नाही, तरी मुलाला समुद्र हे प्राणिसंग्रहालय नव्हे एवढे कळते. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींतून हा पाठ सहज देता येण्यासारखा आहे.

१ जून उजाडतो आणि किनाऱ्यावरचे दृश्य पालटते. होड्या वाळूवर ओढल्या जातात, त्यांवर झावळ्यांचे छप्पर चढते. २०१५ पासून ३१ जुलैपर्यंतचे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. सरकारचा हा नियम होण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणातील मच्छीमार पावसाळ्यात समुद्राला विसावा देत आला आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावरच पुन्हा पाण्यात उतरत आला. मासळीच्या पैदाशीसाठी दोन महिने उपास काढण्याची ज्या समाजाची तयारी आहे, त्याला गाद्यासाठी शंभर मीटर अंतर राखणे जड जाऊ नये. फक्त तो नियम त्याचा स्वतःचा असला पाहिजे, आणि त्यापायी होणारा तोटा त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडता कामा नये.